रानाची गोष्ट सांगणाऱ्यास स्मरणार्थ दान द्यावे काय?

आपल्या मंडळ्यांत मृतांच्या स्मरणार्थ दान देण्याची रीत जुनी आहे. कोणत्याही मराठी मंडळीच्या उपासनामंदिरात पाऊल टाका. भिंतीवरच्या घड्याळाखाली, पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर कोणाचे तरी नाव रंगविलेले दिसेल. ह्या रीतीत वावगे काही नाही. घरातले माणूस गेले म्हणजे मागे राहिलेल्यांना त्याच्या नावे काहीतरी द्यावेसे वाटते, आणि दिलेली वस्तू दर रविवारी डोळ्यांपुढे असली म्हणजे मनाला धीर येतो.

पण स्मरणार्थ दानाची आणखी एक तऱ्हा आपल्या देशात व परदेशांत रूढ होत आहे. गेलेल्या माणसाच्या नावे निधी ठेवावयाचा, आणि त्याच्या व्याजातून अशा कोणाला साहाय्य करावयाचे की जो रानावनात जाऊन राहील, तेथील पशुपक्षी, झाडे व पाणी आपल्या डोळ्यांनी पाहील आणि परत येऊन लोकांना त्याची गोष्ट सांगेल. कोणी ती लिहून सांगेल, कोणी छायाचित्रांनी, कोणी चित्रपटाने. ऐकणाऱ्याच्या मनात रान राखण्याची इच्छा उत्पन्न व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू.

हे ऐकून आपल्यांतील पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. एखाद्या विधवेला शिवणयंत्र घेऊन द्यावे, एखाद्या मुलाची फी भरावी. गोष्टी सांगणाऱ्याला पैसे कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दान हे देवासमोर केलेले कारभारीपण आहे, आणि कारभाऱ्याने हिशेब दिला पाहिजे. म्हणून वाचकहो, ह्या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू.

प्रथम अशी दाने प्रत्यक्षात कशी फळाला आली ते पाहू. पंडित नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली जवाहरलाल नेहरू स्मारक निधी स्थापन झाला. ह्या निधीने निरनिराळ्या विषयांच्या अभ्यासकांना शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला, आणि पहिल्या काही मानकऱ्यांत मद्रासचे निसर्गलेखक मा. कृष्णन हे होते. दक्षिण भारतातील मोठ्या वन्य पशूंची स्थिती काय आहे हे त्यांनी रानोरान हिंडून पाहिले. त्यांचा तो वृत्तान्त १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केला. हेच कृष्णन कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रात १९५० पासून १९९६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे, निसर्गावर सदर लिहीत होते. हत्ती व गवे ह्यांच्याइतक्याच आस्थेने ते घराजवळच्या पाखरांवरही लिहीत. त्यांच्या पश्चात मद्रास नॅचरॅलिस्ट्स सोसायटीने त्यांच्याच स्मरणार्थ तरुणांच्या निसर्गलेखनासाठी पारितोषिक ठेवले. एका मृताच्या स्मरणार्थ दिलेल्या धनाने ज्याला हात दिला, त्याच्या स्मरणार्थ आता दुसऱ्यांना हात मिळतो आहे. नेहरू निधीची शिष्यवृत्ती कैलास सांखला ह्यांनाही मिळाली होती. त्यांनी वाघाचा अभ्यास केला, त्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले.

आमच्या हैदराबादेशीही अशा साहाय्याचा जुना संबंध आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानांपुढे एक सूचना मांडली: तुम्ही फिरतीचा व मुक्कामाचा खर्च द्या, आम्ही वेतन न घेता तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देऊ. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३१ साली अशी पाहणी सुरू झाली. त्या वेळी आपला मराठवाडाही ह्याच संस्थानात होता. हे धन कोणाच्या स्मरणार्थ दिलेले नव्हते हे खरे, पण तत्त्व तेच. त्या रानोमाळ फिरण्यातून जे ज्ञान जमले, त्यातूनच पुढे १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक तयार झाले, आणि आकाशवाणीवरची त्यांची सोपी भाषणेही. हजारो घरांतील मुलांनी साळुंकी, बुलबुल आणि खंड्या ही पाखरे त्या पुस्तकामुळे ओळखली.

ही उदाहरणे चांगली आहेत, पण केवळ उदाहरणांनी शंका फिटत नाही. तीन आक्षेप राहतात, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप गरिबांचा. दाराशी भुकेला उभा असता रानातल्या हरणांच्या गोष्टीवर पैसे खर्चावे काय? हा आक्षेप बेथानीच्या घरातही निघाला होता. एका स्त्रीने मोलवान सुगंधी तेलाची कुपी फोडली व प्रभूच्या मस्तकावर ओतली, तेव्हा जवळ बसलेले कुरकुरले की हे तेल तीनशे दिनारांस विकून गोरगरिबांना देता आले असते. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. तरी ह्या वृत्तान्ताचा आधार घेऊन कोणी गरिबांकडे पाठ फिरवू लागला तर तो शास्त्राचा विपर्यास होय, कारण त्याच उत्तरात गरिबांचे बरे करण्याची संधी तुम्हांस सदैव आहे, अशी जाणीव प्रभूने दिली आहे. तेव्हा एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला देणे हा मार्ग नव्हे. पाहावयाचे ते असे की, रानाची राखण आणि गरिबाचे बरे ह्या दोन गोष्टी खरोखरच एकमेकींच्या विरुद्ध आहेत काय?

हैदराबादकरांना ह्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. सप्टेंबर १९०८ मध्ये मुशी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे बुडाली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडविण्याचे ठरले. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. गंडीपेटचे पाणी ज्याने प्यायले तो हैदराबाद सोडत नाही, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. ते गंडीपेट म्हणजेच उस्मानसागर. ह्या तलावांत पाणी येते ते भोवतालच्या माळांवरून, झाडीतून, खडकांमधल्या ओहोळांतून. ती झाडी व ते ओहोळ बुजले म्हणजे पावसाचे पाणी तलावात न जाता वस्तीत शिरते. ऑक्टोबर २०२० मधल्या पावसात ते शिरले. नाल्याकाठच्या व सखल भागातल्या घरांत गुडघाभर, कंबरभर पाणी होते. अशा ठिकाणी कोण राहतो हे आपणांस ठाऊक आहे. आणि उन्हाळ्यात नळ कोरडा पडला म्हणजे श्रीमंत टँकर मागवितो. गरीब बाई घागर घेऊन रांगेत उभी राहते. तेव्हा माळाची व ओढ्याची गोष्ट जो खरेपणाने सांगतो, तो गरिबाच्याच घराची गोष्ट सांगत असतो. त्याला दिलेले दान गरिबापासून हिरावलेले म्हणता येत नाही. मात्र ज्याला ह्या मुलखातली हरणे दिसतात आणि माणसे दिसत नाहीत, अशा सांगणाऱ्याविषयी हा आक्षेप खरा ठरेल. त्याचा विचार पुढे करू.

दुसरा आक्षेप असा की, पैसे घेऊन बोलणारी जीभ विकत घेतलेली असते. जो देतो त्याचीच स्तुती होणार. खाणवाल्याने दिले तर खाणीविषयी मौन, सरकारने दिले तर सरकारविषयी मौन. ही भीती खरी आहे. मवाबाचा राजा बालाक ह्याने बलामाला धन देऊ केले ते ह्याचसाठी, की त्याने आपणांस हवे तेच बोलावे. पण उंच डोंगरावर उभा राहून बलामाने खाली पाहिले, तेव्हा जे बोलायला बोलाविले होते ते त्याच्या तोंडून निघेना. आणि वाटेत ह्याच बलामाला जे दिसले नव्हते ते त्याच्या गाढवीला दिसले होते, हेही विसरू नये. मुक्या जनावराकडे लक्ष देणारा माणूस पुष्कळ अरिष्टांतून वाचतो.

स्मरणार्थ दिलेल्या दानात एक सोय अशी आहे की, ज्याच्या नावे ते दिले तो काही मागावयास येत नाही. मेलेल्या माणसाला जाहिरात नको असते. मागतात ते जिवंत. म्हणून अशा दानाच्या आरंभीच देणाऱ्या कुटुंबाने आपले हात बांधून घ्यावे: गोष्टीत आमचे नाव नको, आमच्या धंद्याची भलावण नको, आणि जे दिसेल ते आम्हांस रुचो वा न रुचो, तसेच सांगावे. असे बंधन घालणाऱ्याचे दान हे दान होय. ज्याला हे बंधन जड वाटते त्याने पंखाच द्यावा.

ह्यातच न रुचणाऱ्या सत्याचा प्रश्न येतो. हैदराबादेच्या दक्षिणेला नल्लमलाच्या डोंगरात अमराबादचे व्याघ्र अभयारण्य आहे. शहरातून जाणाऱ्याला ते निर्मनुष्य अरण्य वाटते. पण तेथे पिढ्यान्‌पिढ्या चेंचू लोक राहतात. मध आणि कंदमुळे ह्यांवर त्यांनी दिवस काढले, आणि रानाच्या प्रत्येक ओढ्याला त्यांच्या बोलीत नाव आहे. ऑस्ट्रियाहून आलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी त्यांच्यात राहून १९४३ साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्याच डोंगरात युरेनियमचा शोध घेण्याची योजना पुढे आली, तेव्हा चेंचू लोक आणि शहरातील रानप्रेमी एकत्र उभे राहिले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तेलंगणा विधानसभेने अशा खाणकामाविरुद्ध ठराव केला. ज्या गोष्टीत वाघ आहे आणि चेंचू नाही ती अर्धी गोष्ट होय. अर्धी गोष्ट ऐकून लोक म्हणू लागतात की रान वाचवायचे तर ह्या माणसांना तेथून उठवा. मग रान राखण्याच्या नावाखाली गरिबाचे घर मोडते. म्हणून गोष्ट सांगणाऱ्याला दान देणाऱ्याने त्याला हेही विचारावे: त्या रानात कोण राहतो, आणि त्याच्याशी तुम्ही बोललात काय?

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. गोष्टीने कुऱ्हाड थांबत नाही. कायदा व पहारेकरी ह्यांनी थांबते. ह्याचे उत्तर आपल्या शहराने २०२५ साली पाहिले. हैदराबाद विद्यापीठाला लागून कांचा गच्चीबावली येथे सुमारे चारशे एकर झाडीची जमीन आहे. ती विकासासाठी मोकळी करण्याकरिता मार्चच्या अखेरीस यंत्रे लागली. विद्यार्थी विरोधास उभे राहिले. तेथे मोर आहेत, चितळ आहेत, तळी व खडक आहेत, हे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहून टिपून ठेवले होते त्यांनी ते देशाला सांगितले. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्याचा हुकूम दिला. हुकूम न्यायालयाचा होता हे खरे. पण तेथे राखण्याजोगे काही आहे हे कोणी सांगितलेच नसते, तर न्यायालयापुढे ती जमीन केवळ चारशे एकरांचा एक आकडा राहिली असती.

पण ह्याच प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या दिवसांत संगणकाने रचलेली काही बनावट चित्रेही लोकांत पसरली. यंत्रांपुढून पळणारे प्राणी त्यांत दाखविले होते. पसरविणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हेतू चांगला असेल. परिणाम मात्र असा झाला की सरकारला त्या खोट्या चित्रांवर बोट ठेवता आले, आणि खऱ्या मोरांविषयी बोलणाऱ्यांकडेही लोक संशयाने पाहू लागले. चांगल्या कामासाठी खोटे बोलले तर चालते काय, हा प्रश्न रविवारच्या शाळेत मुले नेहमी विचारतात. शिक्षकांनी हे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावे. खोट्याने सत्याला साहाय्य होत नाही. सत्याची पतच त्यात जाते.

आणि आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. खोटे चित्र तयार करायला घटकाभर लागत नाही. खरी गोष्ट सांगायला मात्र वेळ लागतो, कारण आधी पाहावे लागते. पक्षी घरटे केव्हा बांधतो, तळे कोणत्या महिन्यात आटते, हरणे पाण्याला कोठून येतात, हे एका दिवसात कळत नाही. एका वर्षातही पुरते कळत नाही. इतके दिवस पाहत बसणाऱ्याने खावे काय? त्याच्या मुलांची फी कोणी भरावी? अशा माणसाला दिलेले दान म्हणजे त्याला दिलेला वेळ होय. कृष्णनांना तो शिष्यवृत्तीने मिळाला, सालिम अलींना संस्थानाच्या खर्चाने मिळाला. सोलापूरचे मारुती चितमपल्ली ह्यांना तो वनखात्यातल्या छत्तीस वर्षांच्या नोकरीने दिला. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांचे आयुष्य गेले, आणि त्या आयुष्यातून मराठीला ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदणं’ अशी पुस्तके मिळाली. २००६ साली सोलापुरास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांत पाखरांची व झाडांची जी शेकडो मराठी नावे आली, ती त्यांनी रानातल्या जुन्या जाणत्या माणसांजवळ बसून ऐकलेली होती. एदेन बागेत आदामाला जी पहिली कामे मिळाली, त्यांत प्राण्यांना नावे देणे हे एक होते. नाव द्यायचे तर प्रत्येकाकडे थांबून पाहावे लागते. आपण एकमेकांना नावे ठेवण्यात जेवढा वेळ घालवितो, त्याचा दहावा हिस्सा जरी पाखरांची नावे शिकण्यात घातला तरी आपली मुले अधिक शहाणी होतील.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे साहाय्य अपरिचितही नाही. बालकवी ठोंबरे हे मराठीतले निसर्गकवी. त्यांचे आयुष्य १८९० ते १९१८ इतके थोडके. तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. टिळकांचे घर श्रीमंत नव्हते. कोणता निधी नव्हता, कोणाच्या नावाची पाटी नव्हती. पानावर एक माणूस वाढला, एवढेच. त्यामुळे एका तरुणाला फुले, झरे आणि संध्याकाळचे आकाश पाहायला उसंत मिळाली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना ती पाहायला मिळाली.

तेव्हा मूळ प्रश्नाला आमचे उत्तर असे: होय, द्यावे, पण तीन अटींवर. भुकेल्याचा वाटा आधी बाजूला काढावा. देणाऱ्याने आपले नाव गोष्टीत घुसवू नये. आणि घेणाऱ्याने पाहिल्यावाचून सांगू नये, व जे पाहिले त्यातले माणूस वगळू नये.

हे आपल्या लहान मंडळीत कसे करावे असे कोणी विचारील. मोठा निधी लागत नाही. आमच्या शहरात वनस्थळीपुरमजवळ महावीर हरिण वनस्थळी आहे. निजामाच्या काळी ते शिकारीचे रान होते. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाणशताब्दीच्या स्मरणार्थ १९७५ साली ते काळविटांसाठी राखून ठेवण्यात आले. शिकारीच्या जागी अभय आले. स्मारक असेही असू शकते. आता समजा, एखाद्या कुटुंबाने आपल्या आजीच्या स्मरणार्थ आपल्या मंडळीतल्या एका होतकरू मुलाला किंवा मुलीला वर्षभराचे बसभाडे, एक वही, पक्ष्यांचे एक पुस्तक आणि एक साधी दुर्बीण दिली. त्या मुलाने महिन्यातून दोन सकाळी तेथे जावे, जे दिसेल ते तारखेसह लिहावे, तेथल्या राखणदाराशी व आसपासच्या लोकांशी बोलावे, आणि दर तीन महिन्यांनी रविवारच्या शाळेत लहान मुलांना त्याची गोष्ट सांगावी. शिक्षकांनी एवढेच पाहावे की गोष्टीत वाढवून सांगितलेले काही नाही. काही दिसले नाही तर ‘आज काही दिसले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मुलाला यावे. ह्या सगळ्याला एका चांगल्या पंख्याहून फारसे अधिक लागणार नाही.

शेवटी बेथानीच्या त्या स्त्रीविषयी एक गोष्ट ध्यानात आणून देतो. मार्काने आपल्या शुभवर्तमानात तिचे नाव दिलेले नाही. तिच्यासाठी कोणी दगड उभारला नाही, कोठे पाटी लावली नाही. तिचे स्मरण सांगण्यातून राहील असे प्रभूने म्हटले, आणि आजवर ते तसेच राहिले आहे. संगमरवरावरील अक्षरे पन्नास वर्षांत झिजतात. आपल्याच मंडळ्यांत अशा पाट्या आहेत की त्या कोणाच्या, हे आज कोणी सांगू शकत नाही. ज्या घरांत ह्या वर्षी दुःख झाले असेल त्यांनी पाटी करावयास टाकण्यापूर्वी ह्याचा विचार करावा, आणि आपल्या पाळकसाहेबांशी व पंचांशी बोलून पाहावे.